वरच्या खोलीची किल्ली

दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं हिंडतेफिरते आहोत, देवाची कृपा. तूही असशील असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रात तब्येतीबद्दल एक अक्षर नसतं. रोपांची लांबलचक हकीकत असते, कुठल्या कलमाला फुटवा आला तेही असतं. तू जेवतोस का, हे मात्र त्या कलमांनाच विचारायला हवं.

पाकिटावर तुझं ते दुसरं नाव लिहिताना अजूनही माझा हात अडखळतो. ह्यांचं सगळं आयुष्य टपालखात्यात गेलं. पाकीट तळहातावर तोलतात, नाव वाचतात आणि तिकीट चिकटवतात. हल्ली ह्यांना कमी ऐकू येतं. पण ते सोयीप्रमाणे. जिन्यावरचं छप्पर गळतंय म्हटलं की ऐकू येत नाही, आणि चहा ठेवते म्हटलं की तिसऱ्या खोलीतून ‘हो’ येतो.

वरची खोली भाड्याने गेली. एकटी बाई आहे, तिशी उलटलेली. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. बोलायला गोड, राहायला स्वच्छ. ह्यांच्या चष्म्याची दांडी तिने घरीच नीट करून दिली, पैसे घेतले नाहीत. खोड म्हणशील तर एकच. दार लावत नाही. घरात असली की दाराला खुर्ची अडकवून ठेवते. कपाटाची दारंसुद्धा सताड उघडी. या दिवसांत वारा कसा असतो तुला माहीत आहे. जिन्यावरून थेट आमच्या स्वयंपाकघरात उतरतो. हे म्हणाले, “अगं, तू भाडेकरू ठेवलाय की वारा?” मी तिला दोनदा सांगून पाहिलं. ती “हो काकू” म्हणते आणि खुर्ची तिथेच.

आता तुझ्या कोटाचं. तू प्रत्येक पत्रात विचारतोस आणि मी प्रत्येक वेळी टाळते, म्हणून आज सांगूनच टाकते. त्याला कसर लागली होती. ट्रंकेतून काढला तर हातात भुगा यायला लागला. चांगला होता तेवढा भाग मी वाचवला. बाह्यांचं कापड ह्यांच्या कोटाच्या कोपरांना लागलं, अस्तराची बाजाराची पिशवी झाली, बटणं डब्यात आहेत. रागावू नकोस. जाताना तू तो खुंटीवर टाकून गेलास, आणि माझ्या घरात नुसतं टांगून राहायची परवानगी कोणालाच नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

अस्तर उसवताना एक गोष्ट मिळाली. फाटक्या खिशातून घसरून पार खाली शिवणीत जाऊन बसली होती. पितळेचा गोल बिल्ला, वर भोक, मधे १७ आकडा. तुझ्या त्या कोल्ड स्टोरेजच्या नोकरीतला असावा. काळा पडला होता, राखेने घासला तर लखलखीत झाला. वरच्या खोलीच्या किल्लीला लावून टाकला. आधीचे भाडेकरू किल्ली खिशात घालून पसार व्हायचे. आता एवढं लोढणं असल्यावर कुठे जाते!

चष्मेवाल्या बाईला किल्ली दिली तेव्हा ती बराच वेळ ते बघत राहिली. “हे कुठलं हो काकू?” म्हणाली. मी सांगितलं, भावाच्या जुन्या कोटातलं. तर ती जिन्याच्या पायरीवरच बसली. सामान घेऊन चढली होती, दम लागला असेल. मी पाणी दिलं.

थंडी वाढतेय, अंगावर काहीतरी घेत जा. देवापुढे बसते तेव्हा तुझं खरं नाव घेते, मनातल्या मनात. तेवढं तरी घेऊ दे.

तुझी,
ताई


दि. २८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं की काय कोण जाणे. पेन्सिलीने खरडलेल्या ओळी. ‘बिल्ला काढून नदीत टाक. कोणाला दाखवू नकोस. हे पत्र जाळ.’ ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. जाळलं. खालचा कोरा अर्धा आधी फाडून घेतला, त्यावरच हे लिहायला बसले आहे. पुरला नाही की दुसरा घेईन.

पण बिल्ला नदीत टाकता आला नाही, धाकट्या.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी सुतळी आणि लाकडाचा एक तुकडा घेऊन वर गेले. दार नेहमीसारखं उघडं. ती खिडकीशी बसली होती. बिल्ला मांडीवर होता आणि त्यावरच्या आकड्यावरून ती अंगठा फिरवत होती, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसा. मला पाहून तिने मूठ मिटली.

“तेवढी किल्ली द्या हो,” मी म्हटलं. “तिला दुसरं काहीतरी लावून देते.”

“का काकू? छान आहे की.”

“जड आहे. तुमची पर्स फाटेल.”

“नाही फाटत.” मग मूठ न सोडता म्हणाली, “किल्ली हवी तर न्या. बिल्ला राहू दे माझ्याकडे.”

दुसऱ्याच्या घरातली वस्तू, आणि मागते कशी, तर जणू मीच तिची ठेवून घेतली होती! मी काही म्हणायच्या आत तिने विचारलं, “खाली भिंतीवर फोटो आहे, तुमच्याशेजारी उभे आहेत ते कोण?”

“माझा धाकटा भाऊ.”

“कुठे असतात?”

तू सांगून ठेवलं होतंस तेच मी सांगितलं. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले तेच. “वारला.”

“कशाने?”

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. वारला म्हटलं की लोक हळहळतात, चहा घेतात आणि जातात. मी गडबडले. तोंडाला येईल ते बोलून गेले, “थंडीने. थंडी भरली आणि गेला.”

तिने बिल्ल्याची मूठ छातीशी धरली. “थंडीने?” म्हणाली. मग पुन्हा, पार हळू आवाजात, “थंडीने?”

मी खाली आले ती सुतळी तशीच हातात घेऊन. संध्याकाळी दिवा लावला, हात जोडले आणि रोजची प्रार्थना ओठांवर येईना. लहानपणापासून म्हणते ती प्रार्थना. पहिली ओळ आठवली आणि पुढे ‘थंडीने’ हाच शब्द येत राहिला. मी काय बोलून बसले आणि त्याने तिला काय झालं, ते मला कळत नाही. तुला कळत असेल. म्हणूनच विचारते.

अजून एक आहे. पोस्टमन आला की ती माझ्या आधी फाटकाशी असते. पत्रं आणून देते, अगदी आदराने. पण हे परवा म्हणाले, “ही मुलगी पाकीट देताना आधी उलटी बाजू बघते. तुझ्या भावाच्या पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो, ते बरं.” मी चमकले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला दिसतं मात्र सगळं. हे एवढंच बोलले आणि पेपर उघडून बसले.

तू त्या वसंतात आमच्याकडे आलास ते दिवस मला हल्ली फार आठवतात. मी तेव्हा काही विचारलं नाही. मालकाने चोरीचा आळ घेतला एवढं तू सांगितलंस आणि मी ते पदरात बांधून घेतलं. पण तू घरात बसायचासच नाहीस. उंबऱ्यावर बसायचास. माझी कपाटं, फडताळं, कोठीचं दार, मी लावलं की तू येऊन उघडायचास. जेवताना मधेच घास थांबवून म्हणायचास, “ताई, दार वाजलं का?” मी म्हणायचे, “नाही रे. जेव तू.” दिवसातून कितीदा तरी. मी पाहून यायचे सुद्धा नाही. वाजलंच नव्हतं तर काय पाहायचं?

मग तू उठून गेलास, नाव बदललंस आणि उघड्यावरचं काम धरलंस. मी मॅट्रिक झालेली बाई, फार अक्कल पाजळत नाही. पण इतकं मला तेव्हाही दिसत होतं की चोरीचा आळ आलेला माणूस दाराला घाबरला तर ते उघडेल म्हणून घाबरतो, लावून घेतो. तू ते उघडत होतास.

एकदाच खरं सांग. हा १७ कोणाचा? तुझा नव्हता. तुझा ९ होता. नोकरीच्या पहिल्या दिवशी तू तो मला दाखवायला आणला होतास, सोन्याचं पदक मिळाल्यासारखा. मी विसरलेले नाही.

उलट टपाली लिही. तिकीट मी आत घातलं आहे.

वाट पाहणारी,
ताई


दि. १७ डिसेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आधी खाली बस आणि मग वाच. पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलं असशील. त्याचं सांगते, पण ओळीने सांगू दे. माझ्याच्याने उलटसुलट होत नाही.

छप्पर गळायचं थांबलं. ह्यांनी स्वतः वर चढून डांबर लावलं, या वयात. उतरताना शेवटच्या पायरीवरून घसरले आणि वर मलाच म्हणाले, “तू बघत होतीस म्हणून पडलो.” गुडघा सुजला होता, आता बरा आहे. वांगी महाग आहेत. शेजारच्या मास्तरीणबाई मुलाकडे राहायला गेल्या. झाली इकडची हकीकत. आता मला लिहायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून जे लिहायचं तेच लिहिते.

तुझं उत्तर आलं नाही. मी पोस्टमनची वाट पाहायची, तीही पाहायची, आम्ही दोघी फाटकाशी अशा उभ्या, की पोस्टमनच बिचारा ओशाळायला लागला. शेवटी परवा मीच वर गेले. भाजी निवडायची होती, ती परात घेऊनच गेले. हातांना काम असलं की मला बोलता येतं. दार उघडंच होतं.

मी म्हटलं, “बाई, १७ कोणाचा?”

ती म्हणाली, “माझ्या बाबांचा.”

धाकट्या, ती त्याची मुलगी आहे. ज्याला तुम्ही सगळे ‘विसरोबा’ म्हणायचात त्याची. तुझा जोडीदार. तू तेव्हा किती गोष्टी सांगायचास त्याच्या! डबा विसरला, छत्री विसरली, सायकल घेऊन आला आणि चालत घरी गेला. मी पोट धरून हसायचे. तीही हसली. म्हणाली, “काकू, बाबा मला एकदा बाजारात विसरून घरी आले होते. आईने विचारलं, पोर कुठाय, तर म्हणाले, आज नेली होती का?” आम्ही दोघी त्या परातीवर हसलो. मग ती रडायला लागली, आणि तिने मला सगळं सांगितलं. झालं काय ते तुला ठाऊकच आहे. पण ती काय जाणते हे तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

थंड खोलीत जाणाऱ्याने आपला बिल्ला बाहेरच्या खिळ्यावर लावायचा आणि बाहेर आला की काढून घ्यायचा. शेवटी कुलूप लावणाऱ्याने खिळे बघायचे. खिळे रिकामे, तर खोली रिकामी. तिला हे लहानपणापासून पाठ आहे. बाबा घरी खेळताना दाखवायचे. आणि एक दाखवायचे: ते बाहेर येऊन बिल्ला घ्यायला हटकून विसरायचे, मग कुलूप लावणारा जोडीदार तो खिशात टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर कान धरून उठाबशा काढायला लावून मगच परत द्यायचा. ती म्हणाली, “बाबा घरी येऊन त्या उठाबशा आम्हाला काढून दाखवायचे. आई हसून हसून बेजार व्हायची.”

त्या दिवशी कुलूप तुझ्या हातात होतं. बिल्ला खिळ्यावर होता. तुला वाटलं, विसरोबा पुन्हा विसरला. तू तो खिशात टाकलास आणि कुलूप लावलंस.

पण तो खरं तर मफलर आत विसरला होता. तो घ्यायला परत आत गेला होता. सकाळी सापडला तेव्हा मफलर हातात होता, म्हणून ती सांगते. बाकी त्या दाराच्या आत काय झालं ते देव जाणतो. तू आत हाक मारली होतीस की नाही, हे तू जाणतोस. मी विचारणार नाही. ती विचारेल.

आणि सकाळी तू उठाबशांची तयारी करून, हसत, दार उघडलं असशील. हे मला तिने सांगितलेलं नाही. मला तू दिसलास. परात बाजूला ठेवावी लागली.

आता जे तुला ठाऊक असूनही तू मला सांगितलं नाहीस, ते. सकाळी खिळ्यावर बिल्ला नव्हता. असणार कसा, तो तुझ्या खिशात होता! मग मालकाने काय म्हणावं? बिल्ला न लावता आत शिरला म्हणजे चोरीलाच शिरला. दोघं मिळून माल काढत होते, एक अडकला, एक पळाला. झालं. चोरीचा आळ तुझ्या एकट्यावर नव्हता, धाकट्या. तू तो घेऊन पळालास, पण तो मेलेला माणूस पळणार कुठे? त्याच्या बायकोला एक छदाम मिळाला नाही. राहती खोली सोडावी लागली. ही पोर शाळेत ‘चोराची’ म्हणून वाढली. म्हातारी आई अजून आहे, आणि माणसं भेटली की आपणहून सांगते, “आमचे हे विसराळू होते हो, पण बिल्ला लावायला कधी विसरले नाहीत. काढायला विसरायचे.” लोक मान डोलावतात. पटत कोणालाच नाही.

कोल्ड स्टोरेजच्या जुन्या कारकुनाने तिला सांगितलं, की कुलूपवाल्याची बहीण टपालवाल्याला दिली होती. एवढ्या धाग्यावर ती इथे आली. म्हणाली, “काकू, तुम्ही भाऊ वारला म्हणाला असतात आणि मी महिनाभरात निघून गेले असते. पण तुम्ही पहिल्याच दिवशी बिल्ला माझ्या हातात ठेवलात.” काखेत कळसा म्हणतात ना, तसं झालं तिला. मी माझ्याच हाताने राखेने घासून, लखलखीत करून, तिच्या बापाचा बिल्ला तिला किल्लीला लावून दिला. एक कोट फेकवला नाही माझ्याच्याने, त्याचं हे फळ. देवाला काटकसर आवडते असं मी नेहमी म्हणायचे. आता म्हणायला भीती वाटते.

तिने विचारलं, “ते खरंच वारले?”

खाली स्वयंपाकघरात ह्यांचा कपबशीचा आवाज येत होता. दार उघडंच होतं, वारा सरळ अंगावर येत होता. मला खोटं बोलता आलं असतं. सवय आहे. पण मी विचार केला, की जिवंत माणसाला मी इतकी वर्षं मेला म्हणून सांगत आले, आणि त्याच्या बदल्यात एक मेलेला माणूस चोर म्हणून जगतो आहे. संध्याकाळी पुन्हा दिव्यापुढे बसायचं होतं मला.

मी म्हटलं, “नाही. आहे.”

मग पत्ता दिला.

तुला जे म्हणायचं ते म्हण. ताईने विश्वासघात केला म्हण, आपल्याच रक्ताच्या माणसाला विकलं म्हण. मी ऐकून घेईन. पण माझंही एक ऐक. तू त्याला मारलं नाहीस. हे तिलाही कळलंय, मला समजावत तीच होती. बिल्ला खिशात टाकणारा माणूस दुसऱ्या दिवशी तो परत देणार असतो, असं म्हणाली. एवढ्या वर्षांत तुला कोणी हे म्हटलं नसेल, कारण तू कोणाला म्हणूच दिलं नाहीस. तुझी चूक ती नव्हे. तू पळालास, आणि पळताना त्याची अब्रू खिशात घालून आलास, ही तुझी चूक. ती माझ्या खुंटीवर टांगून गेलास. बहिणीकडे ठेवायच्या का रे या वस्तू?

तिला तुला पोलिसात द्यायचं नाही. मी देवासमोर वदवून घेतलं आहे. तिला एवढंच हवंय, की तू तिच्याबरोबर जावंस आणि तिच्या आईसमोर उभं राहून म्हणावंस, “बिल्ला खिळ्यावर होता.” तेवढे शब्द. म्हातारीच्या कानांवर ते पडेपर्यंत ती जाईल की राहील, त्याची शाश्वती नाही. म्हणून थांबता येत नाही.

मी हे पत्र पोस्टात टाकणार होते, म्हणजे तुला सावध होता आलं असतं. ह्यांनी तळहातावर तोललं आणि म्हणाले, “तो वाचेल आणि तासाभरात खोली रिकामी करेल. हातीच पाठव.” मग पाकीट मला परत देत म्हणाले, “तेवढीच तिकिटाची बचत.” हसवायला म्हणाले. दोघांनाही हसू आलं नाही.

हातीच पाठवते आहे. हे तुझ्या दाराखालून आत सरकवलेलं असेल. सरकवणारी दारापलीकडे उभी आहे. मी तिला सांगितलंय, एकदाच वाजव, मग हाका मारू नकोस, ढकलू नकोस. तो स्वतः उघडेल. ती म्हणाली, “आणि नाही उघडलं तर?” मी म्हटलं, “माझा भाऊ आहे. उघडेल.” मागचं दार तुझ्या खोलीला आहे की नाही, मला माहीत नाही. मी तिलाही तसंच सांगितलं.

माझा लोकरीचा शेला तिला दिला आहे, पण विरलेला आहे, त्याने काय होतंय. तुझ्याकडे म्हणे आमच्याहून कडक गारठा असतो.

तू विचारायचास, ताई, दार वाजलं का? आणि मी दर वेळी म्हणायचे, नाही रे, जेव तू.

आज वाजलंय, धाकट्या. तिला थंडीत फार वेळ उभी ठेवू नकोस.

खऱ्या नावाने हाक मारणारी,
तुझी ताई